मुलीचा लॅपटॉप दुकानातल्या झिरो टक्के हप्त्यावर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका दादांनी विचारलंय की मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळालंय, लॅपटॉप घ्यायचाय, सांगलीतल्या दुकानात ६४,९९० चा एक पसंत पडला. दुकानातला पोरगा म्हणाला झिरो टक्के व्याज, १२/४ ची स्कीम, हप्ता ५,४१६, पहिले चार हप्ते आत्ता द्यायचे आणि राहिलेले आठ महिन्याला एक. प्रोसेसिंग फी ९९९ आणि फायनान्सचं नवीन कार्ड काढायचे ५३०. यांच्या हातात साडेचोवीस हजार आहेत, पगार २८ हजार, गाडीचा २,४०० चा हप्ता चालू आहे, क्रेडिट कार्ड नाही, आणि पुढच्या वर्षीच्या फीचीही काळजी आहे. "व्याज नाहीच तर घ्यायला काय हरकत आहे?" असं विचारलंय.

दादा, आधी उत्तर देतो, मग कारणं. या स्कीमवर घेऊ नका. लॅपटॉप घ्या, पोरीला तो लागणारच आहे, पण या १२/४ वर नको. मी नऊ वर्षं अशाच एका दुकानात फायनान्सच्या काउंटरला बसलोय, आता स्वतःचं कॉम्प्युटर विक्री आणि रिपेअरचं दुकान आहे, त्यामुळं हे कागद मी दोन्ही बाजूंनी बघितलेत आणि ही स्कीम मी स्वतः शेकडो लोकांना समजावून सांगितलीय. तेव्हा काय सांगायचो आणि काय सांगायचो नाही ते आता सगळं सांगतो.

पहिली गोष्ट, त्याच लॅपटॉपची कॅश किंमत तुम्ही विचारलीच नाही. तुम्ही आत गेल्यावर पहिलाच प्रश्न "हप्त्यावर मिळंल का?" असा विचारला असणार, बहुतेक सगळे तसंच विचारतात, आणि तो प्रश्न विचारला की तुमच्यासाठी कॅशची किंमत संपली. फायनान्स कंपनी दुकानदाराला पूर्ण पैसे देत नाही, स्कीमप्रमाणे त्यातनं काही टक्के आधीच कापून घेते. आमच्या भाषेत त्याला डीबीडी म्हणायचे, डीलर बाय डाऊन. म्हणजे व्याज आहेच, ते तुमच्या हप्त्यात न दिसता दुकानदाराच्या मार्जिनमधनं जातं, आणि दुकानदार काय खिशातनं घालत नाही, तो तुम्हाला डिस्काउंट देत नाही आणि तिथं हिशोब मिटवतो. कॅश घेणारा माणूस घासाघीस करून तोच पीस ६१ साडेएकसष्टला घेऊन जातो, वर बॅग आणि माऊस फुकट. तुम्ही ६४,९९० ला घेता आणि वर फी भरता.

आता तुमचेच आकडे मांडतो, कॅशची किंमत ६१,५०० धरलीय, तुम्ही जाऊन खरी किंमत विचारा आणि तो आकडा इथं घाला. स्कीमवर तुम्ही पहिल्या दिवशी काउंटरला देणार चार हप्ते म्हणजे २१,६६४, अधिक ९९९, अधिक ५३०, एकूण २३,१९३. जी वस्तू कॅशमध्ये ६१,५०० ला मिळते तिचे २३,१९३ तुम्ही दिले, म्हणजे खऱ्या अर्थानं उधार घेतले ३८,३०७. आणि फेडणार किती तर ५,४१६ चे आठ हप्ते, ४३,३२८. फरक ५,०२१ रुपये. आता कुणी म्हणंल पाच हजारच ना, ६५ हजारावर पाच हजार म्हणजे आठ टक्क्याच्या आत. तिथंच चूक होते. हे पाच हजार ६५ हजारावर लागलेले नाहीत, ३८ हजारावर लागलेत, आणि तेही वर्षभरासाठी नाही, आठ महिन्यांसाठी, त्यातही दर महिन्याला मुद्दल कमी होत जातंय. एक्सेलमध्ये रेट चं सूत्र घालून बघा, महिन्याला २.८ टक्क्याच्या वर निघतं, वर्षाला जवळपास ३४ टक्के. तुमच्या "व्याज नाहीच" चा हा दर आहे.

आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे, हाच लॅपटॉप, हीच किंमत, हीच फी, पण स्कीम १२/० असती, म्हणजे आगाऊ हप्ता एकही नाही आणि बारा हप्ते पुढं, तर जादा जाणारे रुपये तेवढेच, ५,०२१, पण दर पडतो साधारण १५ टक्के. कारण पैसे तुम्हाला जास्त दिवस वापरायला मिळाले. म्हणून मी लोकांना सांगतो की "/" च्या पुढचा आकडा बघा. ८/०, १२/४, १८/६ असं काउंटरवर बोलतात, पहिला आकडा एकूण हप्ते, दुसरा त्यातले आगाऊ किती. दुसरा आकडा जेवढा मोठा तेवढं तुमचं उधार खरं लहान आणि महाग.

रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ ला बँकांना याच विषयावर लेखी सांगितलं होतं, क्रेडिट कार्डावरच्या झिरो टक्के ईएमआयमध्ये व्याज बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीच्या नावाखाली लपवून गिऱ्हाईकाकडून घेतलं जातं, आणि शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. त्यानंतर जाहिरातीतला शब्द बदलून "नो कॉस्ट" झाला. दुकानातल्या पोरांच्या तोंडात मात्र अजून झिरोच आहे.

बरं, ऑनलाइन क्रेडिट कार्डवर नो कॉस्ट ईएमआय घेतला तर? तिथं पद्धत वेगळी आहे. बँक व्याज लावतेच, विकणारी कंपनी तेवढं डिस्काउंट आधी देते, म्हणून बेरीज सारखी दिसते. पण क्रेडिट कार्डच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो डिस्काउंटमध्ये धरलेला नसतो. व्याज चार हजार असेल तर ७२० रुपये हळूहळू बिलात येतात, दर महिन्याला थोडे, कुणाच्या लक्षात येत नाही. फायनान्स कंपनीच्या साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, तिथं फक्त फीवर आहे. शिवाय कार्डची लिमिट तेवढी अडकून बसते. तुमच्याकडं कार्ड नाही म्हणताय, मग हे सोडून देऊ.

तुमच्या बाबतीत मला पैशापेक्षा जास्त भीती वाटते ती तारखेची. तुमचा पगार कधी होतो? कुपवाडला बऱ्याच कंपन्यांत ७ ते १० च्या दरम्यान होतो, तुमचंही तसंच असंल असं धरतो. आणि हे हप्ते बहुतेक २ नाहीतर ५ तारखेला कापायला येतात. म्हणजे ज्या दिवशी खात्यात सगळ्यात कमी पैसे असतात नेमका तोच दिवस. मी काउंटरला असताना दर महिन्याच्या ६-७ तारखेला लोक चिठ्ठी घेऊन यायचे, "साहेब पैसे तर १० ला येणारच होते खात्यात, बाउन्स कसा झाला?" हप्ता बाउन्स झाला की फायनान्सवाला चार्ज लावतो, तुमची बँक वेगळा चार्ज लावते त्यावर जीएसटी, आणि पुन्हा तेच मँडेट, म्हणजे खात्यातनं हप्ता कापायची तुम्ही दिलेली परवानगी, टाकलं आणि पुन्हा परत गेलं तर पुन्हा तेवढंच. पाच हजाराच्या हप्त्यापायी एका महिन्यात हजार-बाराशे गेलेले मी बघितलेत. आणि हे सगळं तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर चढतं, १ जानेवारी २०२५ पासून तर ही माहिती दर पंधरा दिवसांनी जायला लागली, आधी महिन्याला जायची. उद्या पोरीच्या शिक्षणासाठीच बँकेत कर्जाला गेलात तर बँक वडलांचा रिपोर्ट काढतेच, सहकर्जदार तुम्हीच असणार, आणि लॅपटॉपचा उशिरा गेलेला हप्ता तिथं आडवा येतो. हे मी मुद्दाम सांगतोय कारण तुम्ही पुढच्या वर्षीच्या फीचाही विषय काढलाय.

आता २८ हजाराच्या पगारात गाडीचे २,४०० आणि हे ५,४१६ मिळून ७,८१६ झाले, पगाराचा चौथा हिस्सा ओलांडला. त्यात कॉलेजची ये-जा, वह्या-पुस्तकं, परीक्षा फी, ती तर अजून धरलीच नाही. आठ महिने ओढाल, मी नाही म्हणत नाही, पण मधे एक दवाखाना निघाला की संपलं.

मग करायचं काय? तुमच्या कंपनीत कामगारांची पतसंस्था आहे का? कुपवाड-मिरज एमआयडीसीत बऱ्याच जुन्या कंपन्यांत आहे. असेल आणि तुम्ही सभासद असाल तर आधी तिथं जा. हिशोब बघा: तुमचे साडेचोवीस हजार रोख, वर ३७ हजार पतसंस्थेचं कर्ज, झाले ६१,५००, आणि दुकानात तुम्ही कॅशचे गिऱ्हाईक म्हणून उभे. १२ टक्के दर धरला, शिल्लक मुद्दलावर, बारा महिने, तर हप्ता ३,२८७ आणि वर्षभराचं व्याज २,४४९. तुमच्या संस्थेचा दर १४ असला तरी व्याज २,९०० च्या आतच राहतं. पहिल्या दिवशी हातातनं जाणारे पैसे जवळपास तेवढेच, पण हप्ता ५,४१६ चा ३,२८७ झाला आणि खर्च पाच हजाराचा अडीच हजार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हप्ता पगारातनंच कापला जातो, तारीख चुकायचा प्रश्नच नाही. दोन जामीनदार लागतील, थोडी शेअर्सची कपात होईल, ती तुमच्याच नावावर राहते आणि संस्थेनं लाभांश दिला तर त्यावर मिळतो. दर विचारताना एवढंच पक्कं विचारा की व्याज शिल्लक मुद्दलावर आहे का सरळ पूर्ण रकमेवर, कारण सरळ १२ म्हणजे खरे वीसच्या पुढं जातात.

दुसरा रस्ता बऱ्याच जणांना माहीतच नसतो. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर लॅपटॉप त्यातच बसतो. बँकांची जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आहे तिच्यात अभ्यासक्रमासाठी लागणारा कॉम्प्युटर, योग्य किमतीचा, खर्चात धरता येतो असं स्पष्ट आहे, आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पोरीला तो लागत नाही असं कुठला मॅनेजर म्हणणार आहे. दुकानातनं कोटेशन घ्या, फीच्या कागदांबरोबर जोडा. फी साठी कर्ज काढायचं तुमच्या डोक्यात असेल तर लॅपटॉपचं वेगळं कर्ज आज कशाला करायचं? एफडी असेल तर एफडीवर कर्ज मिळतं, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त, एका दिवसात काम. भिशी लागणार असेल तर तिची वाट बघा, पहिल्या सेमिस्टरला महिना-दोन महिने कॉलेजच्या लॅबवर निभतं.

मी आणखी एक विचारतो, ६४,९९० चाच का? पहिल्या वर्षाला सी, पायथन, थोडं ड्रॉइंग, एवढंच असतं. १६ जीबी रॅम आणि ५१२ ची एसएसडी असलेला मधल्या प्रोसेसरचा लॅपटॉप चार वर्षं खेचतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंगचा पीस काउंटरवर जोरात विकला जातो कारण त्यात मार्जिन आणि स्कीम दोन्ही असतं, आणि पोरं तोच मागतात, पण त्याचं वजन आणि बॅटरी बघा, रोज एसटीनं ये-जा करणाऱ्या मुलीला तो नको. रिफर्बिश्डही वाईट नाही, कंपन्यांतनं निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक मी स्वतः विकतो आणि माझ्या भाचीला तोच दिलाय. फक्त इंटेलचा असेल तर आठव्या जनरेशनच्या खालचा घेऊ नका, कारण विंडोज ११ त्याच्या खाली अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरीची हेल्थ आणि बिजागऱ्या तपासा, झाकण दहा वेळा उघडझाप करून बघा.

हप्त्याची मुदत ठरवताना मी एक गोष्ट कधीच मोडू देत नाही: हप्ते वॉरंटीच्या आत संपले पाहिजेत. बहुतेक लॅपटॉपना एक वर्षाची वॉरंटी असते. मिरजेचा एक पोरगा माझ्याकडं मशीन घेऊन आला, दुसऱ्या दुकानातनं २४ महिन्यांवर घेतलेला, चौदाव्या महिन्यात मदरबोर्ड गेला. उघडून बघितलं तर चार्जिंगच्या आयसीपाशी बोर्ड काळा पडलेला, बोटाला काजळी लागली. नवा बोर्ड २२ हजार. त्याचे दहा हप्ते शिल्लक. तो हप्ते भरत होता आणि लॅपटॉप माझ्या रॅकवर पडून होता, पाच महिने. मला त्याला फोन करून घेऊन जा म्हणायला जिवावर यायचं.

एवढं सगळं सांगितल्यावर कुणाला वाटंल मी हप्त्याच्याच विरोधात आहे, तसं अजिबात नाही. हप्त्याचा बोजा कधीकधी खरंच ब्रँड उचलतो, सणाच्या दिवसांत नाहीतर जुना मॉडेल काढायचा असेल तेव्हा. ओळखायचं कसं, तर कॅशची किंमत आणि हप्त्याची किंमत दोन्ही एका कोटेशनवर लिहून मागा, दोन्ही सारखी, आगाऊ हप्ता शून्य आणि फी पाच-सातशेच्या आत असेल तर बिनधास्त घ्या, स्वतःचे पैसे बँकेत राहू द्या. आणि ज्याचं पोट मशीनवर आहे त्याचं गणित वेगळं असतं. एक ताई लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डीटीपी काम करायच्या, जुनं मशीन कोरल ड्रॉ उघडायलाच चार मिनिटं घ्यायचं, लग्नसराई तोंडावर आलेली. त्यांना मीच म्हणालो की पंधरा-सोळा टक्के पडले तरी हप्त्यावर घ्या, थांबलात तर एका सीझनचं काम जाईल. सहा महिन्यांत त्यांनी ते मशीन फेडलं. त्यांचा जीएसटी नंबर होता म्हणून बिल धंद्याच्या नावानं केलं, १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळालं, तो फरक व्याजापेक्षा मोठा होता. तुमच्या पोरीचा लॅपटॉप घरचा आहे, तो फायदा तुम्हाला नाही.

एवढं सांगूनही दुकानातलाच हप्ता घ्यायची वेळ आली, पतसंस्था नाही, कर्ज नाही, कॉलेज सुरू झालं, तर निदान काउंटरवर असं वागा. तुमचा फोन त्या पोराच्या हातात देऊ नका. काय होतं, तो म्हणतो "काका, द्या मी करतो", आणि पाच मिनिटांत तीन-चार ओटीपी येतात, एक आधारच्या केवायसीचा, एक क्रेडिट रिपोर्ट बघायच्या परवानगीचा, एक कर्जाच्या कराराचा, एक खात्यातनं पैसे कापायच्या मँडेटचा, आणि तो पटापट घालत जातो. यातला प्रत्येक ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. फोन स्वतःकडं ठेवा, मेसेज वाचा, विचारा हा कशाचा, मगच आकडा सांगा. मी काउंटरला असताना गर्दीच्या दिवशी मीही लोकांचे फोन हातात घ्यायचो, दिवाळीच्या आधी रांग लागलेली असायची, आणि आज मला ते चुकीचं वाटतं, कारण त्यातल्या कित्येकांना घरी गेल्यावर कळायचं की कर्जात एक्स्टेंडेड वॉरंटी आणि स्क्रीनचा विमा घातलाय.

त्यासाठी केएफएस मागा, म्हणजे "की फॅक्ट स्टेटमेंट", कर्जाची सगळी मुख्य माहिती एका ठिकाणी देणारा कागद. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला बँकेनं आणि फायनान्स कंपनीनं ते द्यायचंच आहे, आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचंय, म्हणजे मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात एपीआर म्हणून वर्षाचा खरा दर असतो, फी-चार्जेस धरून, आणि जो चार्ज त्यात लिहिलेला नाही तो तुमची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय लावता येत नाही. केएफएस मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, त्यामुळं "काका, स्कीम आजच संपतीय" म्हणाला तरी घाई करू नका. फक्त एक लक्षात ठेवा, तुमचं जे कॅश डिस्काउंट बुडालं ते केएफएसमध्ये दिसत नाही, ते तुम्हाला स्वतःच जोडायचंय, वर मी केलं तसं.

हप्त्याची तारीख बदलून मिळते का ते सही करण्याआधी विचारा, नंतर फार अवघड जातं. नाही मिळाली तर पगाराच्या दिवशीच पुढच्या हप्त्याचे पैसे वेगळे काढा, शक्यतो ज्या खात्याला एटीएम कार्ड वापरत नाही अशा खात्याचं मँडेट द्या. झिरो टक्क्याच्या स्कीममध्ये लवकर फेडून फार काही वाचत नाही, व्याज आधीच कापलेलं असतं, त्यामुळं बोनस आला की लगेच तिकडं घालायची घाई नको, गाडीच्या कर्जात घाला, आधी तिथला मुदतपूर्व फेडीचा चार्ज विचारून. शेवटचा हप्ता गेला की एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, डाऊनलोड करा आणि बँकेत मँडेट बंद झालं का बघा. महिन्या-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा, तो बनवणाऱ्या चारही कंपन्या वर्षातनं एकदा फुकट देतात, त्यात हे कर्ज बंद दिसलं पाहिजे. त्या कार्डवर मग पर्सनल लोनचे फोन सुरू होतील, "सर, तुम्हाला दोन लाख मंजूर झालेत" म्हणून. तो फोन तुम्ही घेतला काय किंवा पोरीनं, उत्तर घरात आत्ताच ठरवून ठेवा.

उद्या सोमवारी पतसंस्थेच्या क्लार्कला भेटा, दर आणि किती दिवसांत मंजूर होतं ते विचारा. आणि दुकानात पुन्हा जाल तेव्हा हप्त्याचा शब्द काढू नका, "रोख देणार आहे, शेवटची किंमत सांगा" एवढंच म्हणा आणि तो आकडा मला कळवा, मी हिशोब पुन्हा मांडून देतो.